ब प्रकारच्या काविळीचा विषाणू : त्याचे जनुकीय वैविध्य आणि आपला रुग्ण

‘कावीळ’ या एका शब्दाखाली आपल्याकडे अनेक निरनिराळे आजार नांदत असतात. वस्तुतः कावीळ हा आजार नसून ते एक लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढले की डोळे व लघवी पिवळी दिसू लागते. दूषित पाण्यातून येणारे ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणू असोत, रक्तातून येणारे ‘बी’ आणि ‘सी’ असोत, मद्यपान असो वा पित्तनलिकेतील खडा असो, पिवळेपणा तोच. पिशोर-कन्नड परिसरातच नव्हे, तर सबंध महाराष्ट्रात काविळीची माळ घालणे, नाकात औषधाचे थेंब टाकणे, हात धुऊन ‘कावीळ उतरविणे’ हे प्रकार आजही चालतात. त्यांना यश येताना दिसते याचे कारण साधे आहे. ‘ए’ व ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतांश रुग्णांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. ‘बी’ म्हणजे ब प्रकारची कावीळही प्रौढ वयात झाल्यास शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक रुग्णांचे शरीर सहा महिन्यांत विषाणूचा निचरा करते.

प्रश्न उरतो तो ज्यांच्या शरीरात हा विषाणू कायमचा वस्तीला राहतो त्यांचा. या मंडळींना बहुधा कावीळ होतच नाही. शेतात राबणारा, जेवणखाण व्यवस्थित असणारा मनुष्य रक्तदानाच्या शिबिरात किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत अचानक ‘हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह’ निघतो, आणि त्याला प्रथम विश्वासच बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात असे सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते. जगात २५ कोटी ४० लाख. यांपैकी काहींचे यकृत आयुष्यभर फारशी तक्रार करीत नाही. काहींना मात्र चाळिशी-पन्नाशीत लिव्हर सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग गाठतो.

एकाच विषाणूच्या बाबतीत एकाला काही होत नाही आणि दुसरा दगावतो, हे का? या प्रश्नाची उत्तरे रुग्णाच्या शरीरात शोधली जातात, तशीच ती विषाणूच्या जनुकांतही शोधली जातात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या शोधाचा, विशेषतः आपल्या देशात व पश्चिम भारतात झालेल्या कामाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

विषाणूची लिपी

अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ हे त्याचे जुने नाव. आपल्याकडील अनेक ज्येष्ठ डॉक्टर अजूनही तपासणीच्या चिठ्ठीवर तेच लिहितात. हेच ब विषाणूचे बाह्य आवरण, ज्याला आता पृष्ठभागीय प्रतिजन म्हणतात. या कामासाठी ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण विषाणूकण १९७० मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. त्याचा व्यास ४२ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे वीस हजारांहून अधिक कण ओळीने मावतील.

या कणाच्या पोटात डी.एन.ए.चे एक लहानसे वर्तुळ असते. डी.एन.ए. म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, असे समजावे. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही ती चार अक्षरे. मानवाचा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. ब विषाणूचा अवघा ३,२०० अक्षरांचा. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत संसार चालवायचा म्हणून या विषाणूने विलक्षण काटकसर केलेली आहे. त्याची चार जनुके एकमेकांवर चढलेली आहेत. जुन्या मोडी दस्तात शब्द न तोडता अक्षरे सलग लिहिलेली असत. वाचणारा कोठून सुरुवात करतो यावर शब्द ठरे. तसेच येथे होते. एकाच अक्षरपंक्तीतून एका ठिकाणी आरंभ केला तर आवरणाचे प्रथिन तयार होते, आणि एक घर सरकून आरंभ केला तर विषाणूची नक्कल करणारे विकर.

नक्कल करण्याची या विषाणूची पद्धतही आडवळणाची आहे. डी.एन.ए.पासून थेट डी.एन.ए. न करता तो आधी आर.एन.ए.ची प्रत काढतो आणि तीवरून उलट दिशेने पुन्हा डी.एन.ए. लिहितो. एड्सच्या विषाणूचीही पद्धत अशाच जातीची आहे. उलट लेखन करणाऱ्या या विकराला लिहिलेले तपासून पाहण्याची सवय नाही. झालेली चूक तशीच राहते. सक्रिय संसर्गात शरीरात दररोज अब्जावधी नवे कण तयार होतात, तेव्हा चुकांनाही तोटा नाही. तथापि जनुके एकमेकांवर चढलेली असल्यामुळे एका अक्षराचा बदल अनेकदा दोन प्रथिनांना बाधतो, आणि असा कण बहुधा टिकत नाही. त्यामुळे ब विषाणू बदलतो, परंतु एड्सच्या विषाणूइतक्या वेगाने नव्हे. या गोष्टीचा एक चांगला परिणाम लसीच्या संदर्भात पुढे येईल.

टिकून राहिलेले बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले आणि जगाच्या निरनिराळ्या भागांत या विषाणूची निरनिराळी घराणी तयार झाली. १९८८ मध्ये जपानमधील ओकामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण मजकुराची तुलना करून आठ टक्क्यांहून अधिक फरक असलेले चार गट पाडले आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी नावे दिली. यांनाच जनुकप्रकार म्हणतात. पुढे ई ते एच हे आणि त्यानंतर आय व जे हे प्रकार त्यांत जमा झाले. चार ते आठ टक्के फरक असल्यास तो उपप्रकार मानतात. म्हणून ए-१, ए-२, डी-१, डी-२ अशी नावे वाचनात येतात. वाचकांनी येथे एक गल्लत टाळावी. हिपॅटायटीस ए, बी, सी हे वेगवेगळे विषाणू आहेत. हिपॅटायटीस बी विषाणूचे जनुकप्रकार ए, बी, सी हे त्या एकाच विषाणूचे पोटभेद आहेत. अक्षरांची ही पुनरुक्ती दुर्दैवी आहे खरी, पण आता ती बदलणे नाही.

बी आणि सी हे प्रकार चीन, जपान व आग्नेय आशियात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ व एच अमेरिका खंडात, तर डी भूमध्य समुद्राच्या काठापासून मध्यपूर्वेमार्गे भारतापर्यंत पसरलेला आढळतो. या घराण्यांचे वयही लहान नाही. युरोप-आशियातील प्राचीन मानवी अवशेषांतून या विषाणूचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे डी.एन.ए. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना वाचता आले.

भारताचा नकाशा

आपल्या देशात प्रामुख्याने डी आणि ए हे दोन जनुकप्रकार आढळतात, आणि पूर्वेकडे त्यांत सी ची भर पडते. पश्चिम भारताविषयीचा महत्त्वाचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाला. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काविळीच्या विषाणूंवर अनेक वर्षे काम केले. पश्चिम भारतातील ब विषाणूच्या जनुकप्रकारांवरील त्यांचा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. डी हा येथील प्रमुख प्रकार आणि त्याच्या खालोखाल ए, असे चित्र त्यांतून पुढे आले. मराठवाड्यातील रुग्णाच्या रक्तातील विषाणूविषयी काही अनुमान करावयाचे झाल्यास ते याच चित्राच्या आधारे करावे लागते.

आपल्याकडील ए हा बहुतांशी ए-१ या उपप्रकारातील आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील ए-२ हून तो वेगळा असून आफ्रिकेतील उपप्रकाराशी त्याचे नाते आहे. अरबी समुद्रावरून शतकानुशतके चाललेली खलाशी, व्यापारी आणि सैनिक यांची ये-जा लक्षात घेता या नात्याचे आश्चर्य वाटत नाही.

पूर्वेकडे सरकावे तसा नकाशा अधिक रंगीत होतो. बंगाल आणि ईशान्य भारतात सी हा प्रकार मिसळलेला दिसतो. पूर्व भारतातील पहाडिया या आदिवासी समाजात डी-५ हा एरवी विरळ असलेला उपप्रकार प्रामुख्याने आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पुण्याच्या संस्थेतील आणि ईशान्येकडील संशोधकांनी अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी समाजातील विषाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो विषाणू व्हिएतनाम व लाओस येथील आय या मिश्र प्रकाराशी जुळणारा निघाला. डोंगराआड राहिलेल्या लहान समाजांत विषाणूही बाहेरच्यांत न मिसळता आपले वेगळेपण राखून राहतो.

असे नकाशे पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विषाणूचा जनुकप्रकार ही माणसाची जात नव्हे आणि कुळीही नव्हे. तो ज्या वाटेने आला त्या वाटेची केवळ खूण आहे. अमक्या समाजात अमका विषाणू म्हणून त्या समाजाकडे बोट दाखविण्याचा मोह शास्त्राच्या नावाखाली होऊ शकतो. त्यास या माहितीत कोणताही आधार नाही.

एका अक्षराचा बदल

नारायणराव पेशव्यांच्या वधाची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ झाला आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात अनर्थ घडला, असे परंपरा सांगते. इतिहासकार त्यावर काहीही म्हणोत, एका अक्षराने अर्थ कसा पालटतो याचे याहून नेमके उदाहरण मराठीत नाही. ब विषाणूच्या मजकुरात १८९६ या क्रमांकाच्या जागी असाच एक ‘ध’चा ‘मा’ होतो, आणि आपल्या रुग्णांच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

विषाणू वाढत असताना यकृतपेशींतून ‘ई-प्रतिजन’ नावाचे एक प्रथिन रक्तात सोडले जाते. हे प्रथिन रक्तात सापडले तर विषाणू जोमाने वाढत आहे आणि न सापडल्यास तो शांत झाला आहे, असा साधा हिशेब अनेक वर्षे वैद्यकशास्त्रात रूढ होता. १८९६ या जागी ग्वानिनच्या ऐवजी ॲडेनिन आले की त्या ठिकाणी ‘येथे थांबा’ असा संकेत तयार होतो. प्रथिन अर्ध्यावर तुटते आणि ई-प्रतिजन रक्तात दिसेनासे होते. विषाणूचे मात्र काहीच अडत नाही. त्याची नक्कल पूर्ववत चालू राहते. चूल पेटलेली आहे, फक्त धुराडे बुजले आहे.

हा बदल सर्व जनुकप्रकारांत सारख्याच सहजतेने का होत नाही, याचे उत्तर मोठे मनोवेधक आहे. विषाणूच्या आर.एन.ए.चा हा भाग स्वतःवर दुमडून केसांच्या आकड्यासारखा आकार घेतो, आणि तो आकार टिकणे नक्कल होण्यासाठी आवश्यक असते. या आकड्यात १८९६ या जागेसमोर १८५८ या जागेचे अक्षर येते. समोरासमोरची अक्षरे जुळणारी असली तर आकडा घट्ट बसतो. ए या प्रकारात १८५८ ला बहुधा सायटोसिन असते आणि त्याची जोडी ग्वानिनशीच जुळते. तेथे ग्वानिन बदलले तर आकडा सैल होईल, म्हणून हा बदल तेथे क्वचितच टिकतो. डी या प्रकारात १८५८ ला थायमिन असते, त्याची खरी जोडी ॲडेनिनशी. म्हणजे बदलामुळे आकडा सैल होण्याऐवजी अधिक घट्ट होतो! ज्या प्रदेशात डी चे प्राबल्य आहे, त्या भूमध्य सागरी देशांत आणि भारतात, ई-प्रतिजन न दाखविणारा तरीही यकृत पोखरणारा आजार मोठ्या प्रमाणात का आढळतो, याचा उलगडा या जोडीतून होतो. ए-१ या आपल्याकडील दुसऱ्या प्रकारातही इतर काही जागांवरील बदलांमुळे ई-प्रतिजन लवकर ओसरते, हे येथे नमूद केले पाहिजे.

याचा व्यवहारातील अर्थ असा. रुग्णाच्या अहवालावर ‘ई-अँटीजेन निगेटिव्ह’ असे छापून आले म्हणजे आजार संपला, असे रुग्णाने मानू नये आणि डॉक्टरांनीही त्याला तसे सांगू नये. एका नकारार्थी शब्दावर विसंबून चार-पाच वर्षे तपासणीकडे न फिरकलेला आणि नंतर पोटात पाणी झाल्यावर येणारा रुग्ण ही यकृतविकाराच्या प्रत्येक दवाखान्यातील परिचित कहाणी आहे. ई-प्रतिजन नसलेल्या रुग्णात विषाणूचा खरा अंदाज येतो तो रक्तातील विषाणू-डी.एन.ए.च्या मोजणीवरून, तसेच ए.एल.टी. या यकृत-विकराच्या पातळीवरून. हा आजार भरती-ओहोटीसारखा वागतो. एखाद्या महिन्यात दोन्ही आकडे शांत दिसतात आणि तीन महिन्यांनी उसळतात. म्हणून एकाच तपासणीवर निर्णय न देता पहिल्या वर्षात तीन-चार महिन्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, विषाणूभार प्रति मिलिलिटर २,००० आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक आणि ए.एल.टी. सामान्य मर्यादेहून अधिक असल्यास उपचार द्यावेत असे म्हटले आहे. तेथे ई-प्रतिजन असण्या-नसण्याची अट घातलेली नाही. ए.एल.टी.ची सामान्य मर्यादाही पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ एकके अशी धरली आहे, जी अनेक प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेपेक्षा कमी आहे. अहवालावर ठळक अक्षर नाही म्हणून सर्व ठीक, हा हिशेबही त्यामुळे चुकू शकतो.

तीन शहरे, तीन निष्कर्ष

मग डी अधिक घातक की ए? या प्रश्नावर आपल्या देशात जे घडले ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.

दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉ. शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांत डी आणि ए हे जवळपास समसमान होते, आणि डी चा संबंध अधिक गंभीर यकृतविकाराशी, तसेच चाळिशीच्या आतील रुग्णांतील यकृताच्या कर्करोगाशी दिसला. पुढच्याच वर्षी पुण्याचा वर उल्लेखिलेला निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की पश्चिम भारतात जनुकप्रकाराचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध दिसत नाही. त्यानंतर २००५ मध्ये लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील डॉ. राकेश अग्रवाल प्रभृतींनी उत्तर भारतातील रुग्ण तपासून सांगितले की गंभीर आजार डी पेक्षा ए बरोबर अधिक वेळा आढळतो. तीन वर्षांत तीन प्रतिष्ठित संस्था आणि तीन परस्परविरोधी उत्तरे!

यावरून कोणाचे तरी काम चुकले, असे समजणे घाईचे ठरेल. मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण हा गावातील सर्व बाधितांचा प्रतिनिधी नसतो. जो त्रासला तोच तेथवर पोहोचतो. रुग्णाचे वय, संसर्ग बालपणी झाला की पुढे, मद्यपान, मधुमेह, ‘सी’ किंवा ‘डी’ विषाणूची सोबत, यांचा यकृतावर होणारा परिणाम मोठा असतो आणि तो जनुकप्रकाराच्या परिणामापासून वेगळा काढणे थोड्या रुग्णांच्या अभ्यासात कठीण जाते. त्यातून ‘डी’ म्हणजे एकच वस्तू नव्हे. डी-१, डी-२, डी-३, डी-५ असे उपप्रकार आणि त्या प्रत्येकात १८९६ सारखे बदल झालेले व न झालेले विषाणू एकाच नावाखाली मोजले गेले की सरासरी काहीही निघू शकते. सी प्रकाराच्या बाबतीत मात्र असा गोंधळ नाही. पूर्व आशियातील मोठ्या व दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतून बी च्या तुलनेत सी मध्ये कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे पुनःपुन्हा दिसून आले आहे.

या वादात पुण्याच्या निष्कर्षाकडे आमचा कल आहे, कारण रुग्णासमोर बसल्यावर त्याचाच उपयोग होतो. येथील रुग्णाला ‘तुझा विषाणू डी आहे की ए’ हे कळल्याने आज त्याच्या औषधात काहीही फरक पडत नाही. इंटरफेरॉनची इंजेक्शने हाच मुख्य उपाय होता तेव्हा गोष्ट वेगळी होती. इंटरफेरॉनला ए प्रकार डी पेक्षा चांगली साथ देतो, म्हणून त्या महागड्या व त्रासदायक उपचारापूर्वी जनुकप्रकार पाहण्यात अर्थ होता. आताची टेनोफोविर व एंटेकाविर ही तोंडाने घ्यावयाची औषधे सर्व प्रकारांवर सारखीच चालतात. जनुकप्रकाराच्या तपासणीवर गरीब रुग्णाने खर्च करण्यापेक्षा तेच पैसे विषाणूभाराच्या तपासणीसाठी आणि सहा महिन्यांनी करावयाच्या सोनोग्राफीसाठी राखून ठेवावेत.

औषधाच्या संदर्भातही विषाणूच्या बदलशीलतेचा अनुभव जगाने एकदा घेतलेला आहे. १९९८ पासून वापरात आलेले लॅमिव्हुडिन हे पहिले तोंडी औषध सुरुवातीला जादूसारखे वाटले. पाच वर्षे ते एकटेच घेणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के रुग्णांत विषाणूने आपल्या विकरातील एक दुवा बदलून त्याला दाद देणे बंद केले. टेनोफोविरच्या बाबतीत असा प्रतिकार अत्यंत विरळ आहे. मात्र बरे वाटते म्हणून औषध मनानेच बंद केल्यास दबलेला विषाणू उसळून यकृत अचानक निकामी होऊ शकते. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू असून त्याखालील शासकीय उपचार केंद्रांत ही तपासणी व औषधे निःशुल्क मिळतात. पिशोरहून जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालणे रोजंदारीवरील माणसाला जड जाते हे खरे. तरी गोळ्या संपण्यापूर्वीची खेप चुकवू नये.

मोडासा, २००९

विषाणूचा बदल आणि माणसाचा निष्काळजीपणा एकत्र आले म्हणजे काय होते, हे गुजरातेतील मोडासा या गावी दिसले. मोडासा तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात होते. आता ते अरवली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. २००९ च्या आरंभी तेथे ब काविळीची मोठी साथ आली. ब प्रकारची कावीळ अशी साथीने येणे हेच मुळात असाधारण. शेकडो लोक आजारी पडले आणि त्यांतील मृत्यूंचे प्रमाण थक्क करणारे होते. एरवी प्रौढांच्या तीव्र ब काविळीत शंभरातील एखादा रुग्ण दगावतो. येथे ते प्रमाण दहापटीहून अधिक होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलेल्या तपासात दोन गोष्टी आढळल्या. वैद्यकीय व्यवसायात सुया व सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या होत्या, आणि त्यांतून पसरलेल्या विषाणूत वर सांगितलेला ई-प्रतिजनाचा बदल व त्याच्या शेजारच्या नियंत्रक भागातील बदल होते.

ज्याच्यापासून ही साखळी सुरू झाली तो मनुष्य कदाचित धडधाकट दिसणारा, ‘ई-निगेटिव्ह’ बाधित असेल. या विषाणूला रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश पुरतो, आणि वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. ‘डॉक्टर, एक सुई टोचा म्हणजे अंगदुखी जाईल’ हा आग्रह आपल्या भागातही कमी नाही. सुई आवश्यक असलीच तर ती पाकीट आपल्यासमोर फोडून घेतलेली असावी, हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. सलूनमधील पाते, जत्रेतील गोंदणाची सुई आणि कान टोचण्याची तार यांनाही हाच नियम लागू आहे.

सर्व प्रकारांवर एक लस

विषाणू इतका बदलतो तर लस कुचकामी ठरणार नाही काय, असा प्रश्न सुजाण पालक विचारतात. जगातील बहुतेक लसी ए-२ या प्रकाराच्या आवरणावरून तयार केलेल्या आहेत, आणि तो प्रकार तर आपल्याकडे क्वचितच आढळतो. तरीही लस येथे उत्तम काम करते. आवरणातील १२४ ते १४७ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा एक पट्टा सर्व जनुकप्रकारांत जवळजवळ सारखा असतो, आणि लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे मुख्यत्वे त्यालाच पकडतात. लेखाच्या आरंभी सांगितलेली चढलेल्या जनुकांची काटकसर येथे आपल्या पथ्यावर पडते; आवरण बदलावे तर नक्कल करणारे विकरही बदलते, म्हणून विषाणूला येथे मोकळीक कमी. १९९० मध्ये इटलीतील एका बालकात १४५ व्या जागी बदल होऊन लसीला चकविणारा विषाणू आढळला होता. असे विषाणू तुरळक सापडतात, परंतु दीर्घकाळ लसीकरण चाललेल्या देशांतही त्यांनी मूळ विषाणूची जागा घेतलेली नाही.

भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वदेशी लस बाजारात आणली आणि किमती उतरल्या. राष्ट्रीय लसीकरणात ती २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११-१२ पर्यंत सर्व देशभर लागू झाली. आता सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या पंचगुणी लसीत तिचा समावेश असतो. परंतु या तिन्ही मात्रांहून तातडीची आहे ती जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची मात्रा. जन्मतः संसर्ग झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद बालके आयुष्यभराची बाधित होतात. प्रौढपणी तोच संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहूनही कमी.

मातेच्या बाबतीतही ई-प्रतिजनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ई-प्रतिजन असलेल्या मातेकडून, काहीच उपाय न केल्यास, शंभरातील सत्तर ते नव्वद बालकांना संसर्ग होतो. ते नसलेल्या मातेकडून दहा ते चाळीस बालकांना. हे प्रमाण कमी असले तरी आपल्याकडील बहुसंख्य बाधित माता याच गटातील असतात. त्यातही विशेष म्हणजे अशा मातांच्या बालकांत क्वचित दोन-चार महिन्यांच्या वयात अतितीव्र, प्राणघातक कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ‘ई-निगेटिव्ह’ मातेच्या बाळाला जन्ममात्रा उशिरा दिली तरी चालेल, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. बाधित मातेच्या बाळाला लसीबरोबरच दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो बारा तासांच्या आत, द्यावे. मातेचा विषाणूभार दोन लाख एककांहून अधिक असल्यास तिला गर्भारपणातच टेनोफोविर सुरू करतात, आणि जेथे विषाणूभार व ई-प्रतिजन या दोन्ही तपासण्यांची सोय नाही तेथे सर्वच बाधित गर्भवतींना हे औषध देता येईल, अशी २०२४ ची सूचना आहे. बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाही.

गरोदरपणाची पहिली तपासणी येथे होवो वा माहेरी, पृष्ठभागीय प्रतिजनाच्या तपासणीचा कागद प्रसूतीच्या वेळी सोबत असावा. रात्री-अपरात्री बाळंत होणाऱ्या मातेच्या बाळासाठी चोवीस तासांचा हिशेब जन्मवेळेपासून सुरू होतो, बाह्यरुग्ण विभाग उघडल्यापासून नव्हे. बाधित मातेच्या बाळाचे रक्त, सर्व मात्रा पूर्ण झाल्यावर, नऊ ते बारा महिन्यांच्या वयात प्रतिजन आणि प्रतिपिंडे या दोहोंसाठी तपासून घ्यावे.